यंत्राच्या जागी

माझ्या कामाचं नाव महाडात कुणालाच धड सांगता आलं नाही, आणि त्या कुणात मीही आले. मी मानसशास्त्र शिकले इथवर लोकांना समजायचं. पुढे "माणसं आणि यंत्रं एकमेकांशी कशी वागतात, त्याचा अभ्यास करते" असं म्हटलं की समोरचा माणूस चहाचा कप खाली ठेवायचा. आमच्या आळीपुरता आईने यावर तोडगा काढला होता. "मशीनची डॉक्टर आहे ती," असं ती बिनदिक्कत सांगायची. त्यामुळे शेजारच्या काकू एकदा बिघडलेला मिक्सर पिशवीत घालून आल्या, आणि मी तो उघडून बघत नाही म्हटल्यावर चहा न घेताच गेल्या.

सुरुवात झाली ती आमच्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात, नव्वदच्या दशकात. व्यवस्थापकांची तक्रार होती की धोक्याची घंटा वाजली की कामगार पॅनेलकडे न बघताच ती बंद करतात. कामगार बेफिकीर आहेत, त्यांना तुमच्या शास्त्राप्रमाणे काहीतरी समजावून सांगा, असं मला सांगण्यात आलं. मी कंट्रोल रूममध्ये खुर्ची टाकून बसले. घंटा दार उघडं राहिलं तरी वाजे, दिवा गेला तरी वाजे, आणि खरंच काही चुकलं तरी तशीच वाजे. पहिल्या दिवशी मी दचकत होते. आठवडा सरला तेव्हा हातातला वडापाव खाली न ठेवता मीच हात लांब करून ती बंद करायला लागले होते. तेव्हा मला विषय सापडला. कामगारांना समजावण्याऐवजी घंटा कमी करा असं मी लिहून दिलं, त्यावर थोडी आदळआपट झाली, पण घंटा कमी झाल्या. त्या कामाच्या जोरावर मला मुंबईच्या एका संशोधन संस्थेत नोकरी मिळाली आणि मी महाड सोडलं.

सोडलं म्हणजे काय, सुटलं नाही. दोन हजार साल उलटल्यावर संस्थेने एक टेलिफोन बनवायला घेतला. मोबाईल तोवर महाडच्या बाजारात आले होते, पण पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांचा काही उपयोग नव्हता. तिथल्या वाड्यांमधल्या माणसांनी सकाळी गुरं सोडायची, दोन-तीन तास उतरून खाली रस्त्यावर यायचं, एसटीने पोलादपूर गाठायचं आणि दवाखान्याच्या दारात समजायचं की आज डॉक्टर नाहीत, किंवा औषध आलेलं नाही. ही खेप वाचावी म्हणून फोन. आंबेनळी घाटाच्या पायथ्याजवळच्या एका गावात, समाजमंदिराच्या पडवीत प्लायवुडची केबिन बांधायची, तिला काच असलेलं दार लावायचं, आत फोन ठेवायचा. रिसिव्हर उचलला की पलीकडून एक बाई मराठीत विचारणार, तुम्हाला काय माहिती हवी. तुम्ही बोलायचं, यंत्राने समजून घ्यायचं आणि उत्तर द्यायचं. पैसे नाहीत, बटणं नाहीत, अक्षरओळख नको. कल्पना खरोखरच चांगली होती, हे मी आजही म्हणेन.

प्रकल्पाचे प्रमुख इंजिनिअर होते, त्यांना आम्ही सर म्हणायचो. हुशार, मनाने चांगले, आणि घाटाखालचा सगळा मुलूख त्यांच्या लेखी एकच गाव. "तुझंच गाव आहे, तूच जा," असं म्हणून त्यांनी मला पाठवलं. महाड आणि पोलादपूर ही वेगळी गावं आहेत, आणि पोलादपूर म्हणजे काही त्या वरच्या वाड्या नव्हेत, हे सांगायचा मी एकदा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

एकच अडचण होती. यंत्र तयार नव्हतं. मराठी बोलणं समजणं त्याच्या आवाक्याबाहेर होतं आणि आणखी बराच काळ राहणार होतं. पण लोक अशा यंत्राशी कसे बोलतील हे आधी कळलं, तर ते नीट बनवता येईल. त्यासाठी आमच्या धंद्यात एक जुनी, मान्य युक्ती आहे. यंत्र होईतो त्याच्या जागी माणूस बसवायचा. फोन करणाऱ्याला वाटतं यंत्र ऐकतंय. खरं म्हणजे दुसऱ्या टोकाला एक माणूस ऐकत असतो आणि आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या वाक्यांतलं योग्य वाक्य वाजवतो. प्रयोग संपला की सगळ्यांना खरं काय ते सांगायचं, हाही त्या युक्तीतलाच नियम. तर तो माणूस म्हणजे मी.

महाडच्या बाजारपेठेत एका धान्याच्या दुकानावरची खोली आम्ही घेतली. ती रिकामी का असते हे महाडात कुणाला सांगावं लागत नाही. पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी पेठेत शिरायची चिन्हं दिसली की खालचा माल वर चढवायला प्रत्येक व्यापारी अशी एक खोली राखून असतो. मालकांनी अट घातली, "ताई, तुमचा कॉम्प्युटर असू दे, पण पाणी आलं की पोती वर येणार." मी कबूल केलं. तिथे एका टेबलावर संगणक, कानाला हेडफोन, आणि समोर कीबोर्ड. एकेका कळेवर एकेक वाक्य. "आपल्याला काय माहिती हवी?" "नाव सांगा." "पुन्हा सांगा." "होय." "नाही." "औषध आलं आहे." "औषध आलेलं नाही." अशी सगळी मिळून माझी भाषा. तीही माझ्या आवाजात नव्हे. माझा आवाज तपासून झाला होता आणि थोडा गावाकडचा वाटतो म्हणून नापास झाला होता. वाक्यं पुण्याच्या एका निवेदिकेने म्हटली होती, प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं. मला राग आला होता, पण नंतर बरंच वाटलं. निदान माझा आवाज तरी कुणी ओळखणार नव्हतं.

केबिन सुरू झाली तेव्हा पहिले काही दिवस मी तिथे जाऊन पडवीच्या खांबाशी बसले आणि दुसऱ्या कुणाला तरी महाडच्या खोलीत बसवलं. लोक चपला केबिनच्या बाहेर काढत. पुरुष डोक्यावरची टोपी सारखी करत. वयस्क बायका दार लावून घेत आणि मग काचेतून दिसायचं की त्यांनी पदर डोक्यावर ओढला आहे. बोलताना सगळे ओरडत, कारण फोन महाडला जातो आणि महाड लांब आहे. पुण्याची ती बाई काही विचारण्याआधीच तिची विचारपूस होई. "बरी हाईस ना गो? जेवलीस का?" महाडच्या खोलीत परतले तेव्हा कळलं, यावर माझ्याकडे वाक्य नव्हतं. "आपल्याला काय माहिती हवी?" एवढंच मी वाजवू शकायची, आणि ते फार उर्मट वाटे. पण लोक रागावत नसत. शिकलेल्या बायका अशाच बोलतात, अशी त्यांची समजूत असावी.

एसटीची माहिती, डॉक्टरांची माहिती झटपट जाई. गाडं अडलं ते औषधांपाशी. पोलादपूरला एका ट्रस्टचा दवाखाना होता. तिथे लांब मुदतीच्या रोग्यांची औषधं प्रत्येकाच्या नावाच्या पाकिटात मुंबईहून येत. कंपाउंडर रोज सकाळी मला फोन करून सांगत की कुणाकुणाची पाकिटं आली. त्यामुळे औषध आलं का विचारलं की यंत्राला नाव विचारावंच लागे. पुरुष खणखणीत सांगत. बायका आईचं सांगत, मुलाचं सांगत. नवऱ्याचं औषध असलं की गप्प.

अगदी गप्प नव्हे. "आमच्या घरचे." "पोरांचा बापूस." "ह्येंचंच की." मी "नाव सांगा" वाजवायची. मग नुसता श्वास ऐकू यायचा. पुन्हा "नाव सांगा". तीनदा उत्तर आलं नाही की "क्षमा करा, नंतर प्रयत्न करा" वाजवून फोन ठेवायचा असं ठरलेलं होतं. मी तो ठेवायची, आणि मुंबईला जाणाऱ्या तक्त्यात लिहायची, अयशस्वी.

मला ते कळायला अभ्यासाची गरज नव्हती. माझी आई महाडसारख्या तालुक्याच्या गावात राहणारी, वाचन असलेली बाई, पण वडिलांचं नाव तिने कधी घेतलं नाही. बँकेत, दवाखान्यात, शाळेत, कारकुनाने विचारलं की ती माझ्याकडे बघायची आणि मी नाव सांगायची. लहानपणी मला तो माझा मोठेपणा वाटे. लग्नाकार्यात उखाणा घ्यायची वेळ आली तर ती नाव घेई, तेही हसत, चार बायकांच्या आग्रहाखातर. एरवी ते नाव तिच्या तोंडून आलं असतं तर मला काहीतरी मोडल्यासारखं वाटलं असतं. ती कुणाला घाबरून तसं करत होती असं मला वाटत नाही. तिच्यापाशी एक गोष्ट होती जी ती उघड्यावर ठेवत नव्हती, इतकंच.

त्या गप्प राहणाऱ्या बायकांमध्ये एक आवाज मी ओळखायला लागले. भरडा, थोडा घसा बसलेला, वरच्या कुठल्यातरी वाडीतला. ती रिसिव्हर उचलल्याबरोबर "बाई, हाईस का गो?" असं विचारायची. आधी एसटीचं विचारायची, मग जरा थांबून औषधाचं. नाव विचारलं की बंद. दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला ती यंत्राशी बोलायलाच लागली. दार लावलेलं, समोर कुणी नाही, आणि यंत्राला काय समजतंय अशा खात्रीने ती आपल्याशीच बोलावं तसं बोलत होती.

"नाव कसं घेऊ गो मी? गावातल्या दुकानवाल्याला माझ्या जागी नाव सांगायला लावलं, तर साऱ्या गावाला कळंल की आमच्याकडं छातीचं औषध चालू हाय. मुंबैवरनं आलेत ते आजार घेऊनच आलेत. पोरीचं जमत आलंय. कळलं तर ते लोक पाय मागं घेतील. आन् औषधात खाडा नाय पडला पायजे म्हनालेत डाक्टर. खाडा पडला तर पुन्हा पयल्यापासनं, आन् मग लागू पडल न पडल."

छातीचं औषध म्हणजे क्षयाचं, हे आमच्याकडे कुणालाही कळतं. मी हेडफोन घट्ट धरून बसले होते. माझ्यासमोर त्या सकाळी आलेल्या पाकिटांची नावं होती. त्यातलं एखादं तिच्या नवऱ्याचं असेलही. पण कुठलं, हे तिने सांगितल्याशिवाय मलाही कळणार नव्हतं. मी "नाव सांगा" वाजवलं, आणि मग "क्षमा करा". त्या दिवशी ती दवाखान्यात गेली की नाही, औषध मिळालं की रिकाम्या हाताने चढून गेली, मला समजलं नाही.

मी त्याच शनिवारी वीर स्टेशनवर गाडी पकडून मुंबईला गेले. सरांपुढे तक्ता ठेवला. त्यांनी वाचून म्हटलं, "इथे वापरणारा गोंधळतोय. केबिनमध्ये पाटी लावू. नाव स्पष्ट उच्चारा."

"गोंधळत नाहीत, सर. नाव त्यांना पाठ आहे. त्या घेत नाहीत."

"यंत्रासमोर कसली लाज? यंत्र काय त्यांच्या सासरचं आहे?"

वर्षानुवर्षं माणसं यंत्राला माणसासारखं वागवतात यावर शोधनिबंध वाचणारा माणूस हे बोलत होता. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "सर, तुमच्या आईंना फोन लावा. वडिलांचं नाव विचारा."

ते हसले. पण माणूस सरळ होता, त्यांनी माझ्यासमोर फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून आईंचा आवाज आला. सर म्हणाले, "आई, एक फॉर्म भरतोय, बाबांचं पूर्ण नाव सांग बरं." मग, "तुला माहीत नाही का? आणि हा काय खेळ आहे दुपारचा? तुझे बाबा झोपलेत. मी वरणाला फोडणी देते आहे." फोन ठेवला. सरांनी तक्ता पुन्हा वाचला, या वेळी शेवटपर्यंत.

त्यांना पटलं. पटूनही फार काही झालं नाही. प्रयोगाच्या मध्यावर वाक्यं बदलली तर आधीची सगळी निरीक्षणं वाया जातील, म्हणून बदल पुढच्या टप्प्यात करू असं ठरलं. शास्त्र म्हणून त्यांचं बरोबर होतं. पुढच्या टप्प्यात यंत्रच त्या-त्या वाडीतल्या घरधन्यांची नावं एकेक म्हणेल आणि बाईने आपलं आलं की नुसतं हो म्हणायचं, ही माझी सूचना त्यांनी आनंदाने लिहून घेतली. पण पुढचा टप्पा पुढच्या वर्षी होता, आणि त्या बाईच्या नवऱ्याचं औषध आत्ता चालू होतं. परत येताना मी दासगावच्या खाडीकडे बघत बसले होते आणि पूर्ण वाटभर कुणावर चिडावं ते ठरवत होते.

पाऊस जोरात लागला. एका दुपारी मालक वर आले आणि म्हणाले, "ताई, गांधारी नदी फुगलीय, सावित्रीपण वर येतेय." संध्याकाळपर्यंत माझ्या खोलीत तांदळाची, डाळीची, साखरेची पोती छतापर्यंत लागली. टेबलापुरती जागा उरली. पाणी पेठेत आलं, दोन रात्री राहिलं, गेलं. पेठेला ते नवीन नव्हतं. लोकांनी चिखल उपसला, दुकानं धुतली, आणि ओल्या फळ्या रस्त्यावर वाळत टाकल्या. पण वर घाटात दरड आली होती आणि रस्ता बंद होता. खालूनही गाड्या खोळंबल्या होत्या. पोलादपूरला औषधांची पेटी बरेच दिवस आली नाही.

रस्ता मोकळा झाला त्या सकाळी कंपाउंडरांचा फोन आला. पेटी आली होती. त्यांनी नावं सांगितली आणि म्हणाले, "ताई, यातल्या काहींचा डोस आजउद्या संपतोय. फोन आला तर लगेच यायला सांगा." मी नावं पुढ्यात ठेवून बसले. खोलीभर ओल्या गोणपाटाचा वास होता. दुपार व्हायच्या सुमारास फोन वाजला.

"बाई, हाईस का गो?"

मी नेहमीचं वाक्य वाजवलं. तिने एसटीचं विचारलं नाही. "औषध आलं का?" मी "नाव सांगा" वाजवलं. श्वास ऐकू आला. पलीकडे पाऊस चालू होता, पडवीच्या पत्र्यावर वाजत होता. मग तिने विचारलं,

"एक सांग मला. तिथं कोन मानूस बसलेलं हाय का?"

माझ्यापुढे "होय" आणि "नाही" या दोन कळा शेजारी शेजारी होत्या. "होय" दाबलं असतं तर ती फोन ठेवून चालू लागली असती, आणि पेटीतलं पाकीट तिथेच राहिलं असतं. "नाही" दाबलं तर मी एका बाईला खोटं सांगत होते. तेही अशा बाबतीत, जिथे आपलं कुणी ऐकतंय की नाही एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. तिसरी वाट म्हणजे "पुन्हा सांगा". तिला तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावायचा. तो भ्याडपणा मला जमला नाही. मी किती वेळ बसले होते मला सांगता येणार नाही. तिकडून तिने "हां?" असं केलं. मी "नाही" दाबलं.

पुण्याची निवेदिका स्वच्छ आवाजात म्हणाली, "नाही."

मग तिने नाव घेतलं. हळू, ओरडून नव्हे. पहिलं नाव आणि आडनाव. मधलं गाळलं, कारण ते सासऱ्यांचं होतं आणि तेही ती घेत नसणार. माझ्या कामाला तेवढं पुरलं. ते पाकीट आलेल्या पाकिटांत होतं. "औषध आलं आहे," मी वाजवलं.

तिने फोन ठेवला नाही. ती म्हणाली, "आलं? बरं झालं. उद्याच्यापुरतीच गोळी व्हती." आणि मग बोलत राहिली. रात्री ते खोकतात तेव्हा पोरीला चुलीचा धूर झालाय म्हणून सांगते. त्यांचं ताट वेगळं ठेवते आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून आपलंही वेगळं ठेवते. मुंबईला गेले तेव्हा खांद्यावर बैलाचं जू उचलून न्यायचे, आता पाण्याचा हंडा उचलवत नाही. "मला लय भ्या वाटतं गो," असं ती म्हणाली. आणि बोलण्याच्या ओघात तिने नवऱ्याचं नाव आणखी दोनदा घेतलं, आता कुणी विचारलं नसताना. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला ते पुसता येत होतं एवढीच सोय. शेवटी तीच म्हणाली, "गाडी येल आता. जाते मी." दार उघडल्याचा आवाज आला आणि लाइन गेली.

त्या दिवशीच्या तक्त्यात मी लिहिलं, नाव मिळालं, माहिती दिली. बाकी काही लिहिलं नाही. मी खोटं बोलले होते. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पुन्हा तीच वेळ आली तर मी तीच कळ दाबीन, हे मी पुढे माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगत आले, आणि त्यांच्यातले निम्मे दरवर्षी माझ्याशी भांडत आले.

मला टोचत होतं ते दुसरंच. प्रयोग संपल्यावर गावात सभा घेऊन सगळ्यांना सांगायचं होतं की फोनवर यंत्र नव्हतं, माणूस होता. त्या सभेत ती असणार. मी उभी राहून "मीच ती" म्हणणार आणि तिला कळणार की तिने जे जे सांगितलं ते एका जित्याजागत्या बाईने ऐकलं, आणि त्या बाईने कुणी नाही असं तोंडावर सांगितलं होतं. नियमच बदलता येईल का, असं मी सरांना एकदा विचारून पाहिलं. ते म्हणाले, "लोकांना अंधारात ठेवायचं नाही, हे तूच आम्हाला शिकवलंस." तेही खरं होतं.

तिचे फोन येत राहिले. भातं कापली गेली, डोंगर पिवळे पडले. आता ती रिसिव्हर उचलून थेट नाव सांगायची, एखाद्या शाळेत हजेरी द्यावी तसं, आणि औषध आलं म्हटलं की चार गोष्टी सांगायची. खोकला कमी आहे. परवा हे गुरांमागे थोडं गेले. मुलीकडचे लोक येऊन गेले, ह्यांनी त्यांच्याशी बसून गप्पा मारल्या, कुणाला काही कळलं नाही. मी त्या फोनांची वाट बघायची. कंपाउंडरांनी नावं सांगितली की आधी त्यातलं ते एक नाव शोधायची.

सभा ठरली, तिच्या आदल्या आठवड्यात तिचा फोन आला. नाव सांगून झाल्यावर मी "औषध आलं आहे" वाजवायला गेले, कारण पाकीट खरंच आलं होतं. तिने मला थांबवलं.

"नको गो. ते पाकीट ऱ्हाऊ दे आता. काल पोलादपुरास गेलो आम्ही दोघं. डाक्टरांनी छातीचा फोटो काढला. साफ हाय म्हनाले. औषध बंद."

माझे हात कीबोर्डवरच होते. मग ती म्हणाली,

"त्या पावसात मी तुला इचारलं व्हतं, तिथं कोन हाय का. आठवतंय? एसटीचं इचारलं की तू फाटकन सांगतेस. आन् त्याला तू लय येळ लावलास. मला तवाच कळलं, कोनतरी बसलेलं हाय म्हनून."

खालून दुकानात कुणीतरी धान्य मोजत होतं, त्याचा आवाज येत होता.

"मग मी म्हटलं, जी कोन हाय ती इतका इचार करून नाय म्हनतेय, म्हंजी ती कुनाला सांगायची नाय. म्हनून घेतलं नाव. मशीनपुढं घेतलंच नसतं मी. मशीनला काय, ते आज एकाला सांगतंय, उद्या दुसऱ्याला." ती हसली. "आता झालं सगळं. आता सांगायला काय हरकत नाय. हाईस ना गो तू?"

मी "होय" दाबलं. या वेळी मी जराही वेळ लावला नाही.